कडक माल

"एक पीच द्या ना, मुकादम. मऊतलंच द्या. तुम्ही ते फेकूनच देता."

"आज तुला दिलं की उद्या सगळ्या हात पसरतील. मग पट्ट्यावर कोण उभं राहणार, माझी सासू?" मुकादम स्वतःच्याच विनोदावर हसला आणि पिकलेल्या फळांच्या पिंपात त्याने फिनेलची बाटली उपडी केली. रोजचंच होतं ते. फळ सडलं तर सडू दे, पण कामगाराच्या पोटात जाता कामा नये. एवढा साधा कायदा.

बाई पुन्हा पट्ट्यापाशी उभी राहिली. समोरून पीच सरकत यायचे, ती एकेक चाचपायची. कडक तो माल, मऊ तो कचरा. माल पेटीत, कचरा पिंपात. लांबच्या शहरांत पोचायचं तर फळ कडकच लागतं. उन्हाळा लागला की तिचे हात दिवसभर हेच करत, डोक्याला विचारतसुद्धा नसत. फळांवरची लव कातडीत घुसे, खाजवून खाजवून मनगटं सोलून निघत.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. याच कारखान्याच्या शीतगृहात पेट्या वाहून त्याच्या छातीचं खोकं झालं होतं. खोकला सुरू झाला तेव्हा मालकाने त्यालाही मऊ फळासारखा बाजूला काढला. आता पाण्याशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. आणि काल रात्री तो एकदम म्हणाला, "पीच खावासा वाटतोय गं. रस कोपरापर्यंत ओघळेल असा."

कितीतरी दिवसांनी माणसाने काही मागितलं होतं. ते मिळालं नाही तर तो पुन्हा काही मागणार नाही, हे तिला कळत होतं.

सुट्टीची घंटा झाली, मुकादमाची पाठ वळली. तिने झटकन एक फळ उचललं आणि डोक्याच्या फडक्यात, अंबाड्यामागे खुपसलं. फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी झाडून घेतली, डबा उघडायला लावला. डोक्याकडे काही त्याचं लक्ष गेलं नाही.

"काय वहिनी, मान अशी ताठ?" पट्ट्यावरची शेजारीण म्हणाली. "राणीसाहेब निघाल्या जणू!"

"उसण भरलीय," ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

घरी येऊन तिने फळ त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हसायला गेला, तर खोकल्याची उबळ आली.

"अगं, चोरी केलीस तीही मालकाच्या पद्धतीनं! हा तर धोंडा आहे."

तिने फळ हातात घेतलं. खरंच होतं. दिवसभर पिकलेली फळं याच बोटांखालून गेली होती, आणि नेमकं चोरताना हाताने 'चांगलं' फळ उचललं.

"जळो मेला हा हात!"

"असू दे. उशाशी ठेव, पिकेल."

"त्याला चार-पाच दिवस लागतात हो."

ती उठून चुलीकडे गेली. फळाच्या बारीक फोडी केल्या, डब्याच्या तळाशी होती नव्हती ती साखर टाकली, शिजवून चमच्याने घोटलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन पहिला चमचा भरवला.

"कसं आहे?"

"आंबट. दात असते तर पडले असते." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "दे अजून."

दुसरा चमचा त्याने चघळत, चवीने खाल्ला. तिसरा तोंडात घेतला, पण गिळला नाही.

ती वाट पाहत बसली. मांडी बधिर झाली तरी हलली नाही. मग लहान मुलाच्या तोंडातून काढतात तसा बोट घालून तिने तो घास काढला, त्याचे ओठ मिटवले, हनुवटी पुसली.

बोटावरचं टाकवेना. तिने ते स्वतःच्या तोंडात घातलं.

आंबटच होतं.