सहा मिनिटं आधी

ताईने पुढे केलेलं पेन त्याने घेतलं, टोपण काढलं आणि अहवालातली शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'अखेरच्या फेरीत उपग्रहाकडून संदेश आला नाही. अँटेनाचा जोड उष्णतेने सुटला असावा.' खाली त्याच्या सहीची जागा होती. त्या दिवशी केंद्रावर संदेश ऐकायला तो एकटाच बसला होता.

जेवणाच्या डब्याएवढा तो उपग्रह ताईच्या प्रयोगशाळेने चार वर्षं खपून बनवला होता. खाली येताना, जळून जाईपर्यंत, आपण किती तापलो ते कळवत राहायचं, एवढंच त्याचं काम. सगळी भिस्त अँटेनाच्या एका जोडावर होती आणि तो जोड तारकाकांच्या हातचा. उभी हयात तारा जोडण्यात गेली म्हणून ते तारकाका. खरं नाव हजेरीपटालाच ठाऊक.

"काकांना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगावंच लागलं. म्हणाले, हात हलला असेल, वय झालं आता. दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. पंधरा दिवस झाले, आले नाहीत."

टोपण पुन्हा लावून त्याने पेन खाली ठेवलं, आणि मग सगळं सांगून टाकलं.

उतरणीला लागलेला उपग्रह नेहमी वेळेच्या आधी येतो. जितका खाली, तितका लवकर. म्हणून शेवटच्या दिवशी दर तासाला त्याच्या मार्गाचे ताजे आकडे मागवायचे आणि तेच अँटेना वळवणाऱ्या यंत्राला द्यायचे, हे नवख्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. तो स्वतःच शिकवायचा. त्या दिवशी मात्र सकाळचे आकडे दुपारी चालतील असं त्याने धरलं, आणि खाली कॅन्टीनमध्ये आपल्या बारा वर्षांच्या अनुभवाच्या बाता मारत बसला. वर येऊन केंद्राची अँटेना वळवली तेव्हा कानात नुसती खरखर. ताजे आकडे पाहिले तेव्हा कळलं, उपग्रह सहा मिनिटं आधीच येऊन गेला होता. डोक्यावरून जाणारी फेरी जेमतेम पाच मिनिटांची. पुढची फेरी नव्हतीच. 'काही आलं नाही,' असं ताईला कळवून त्याने वेळ मारून नेली होती.

ताई लहानपणी त्याच्या खोड्यांवर आधी ओरडायची आणि मग आईपासून लपवायची. आज ती ओरडली नाही. अहवाल तिने ओढून घेतला आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांग."

काकांचं घर दोन बसथांबे लांब होतं. तो चालतच गेला. वाटेत तीनदा वाक्यं जुळवली, तीनदा मोडली. दार काकांनीच उघडलं. "साहेबांची स्वारी आज इकडे कशी?" त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने कॅन्टीन, जुने आकडे, सहा मिनिटं, सगळं काहीही न गाळता सांगितलं. त्याला स्वतःची अतोनात लाज वाटत होती आणि ती लपवण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

काका पुढे झुकले.

"म्हणजे तो इथून गेला, तेव्हा बोलत होता?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला असता, किल्ली परत गेली असती, आणि ते खोटं कधीच उघडं पडलं नसतं. पडणार कसं? उपग्रहाची तर राख झाली होती. शब्द अगदी ओठांवर आला.

"माहीत नाही, काका," तो म्हणाला. "आता कधीच कळणार नाही. ऐकायला कोणी नव्हतं."

काकांनी मान हलवली. उजवा हात पुढे आणून बोटं पसरली आणि तसाच हवेत धरून ठेवला. हात जराही हलत नव्हता.

"पंधरा दिवस," ते म्हणाले, "मी रोज याच्याकडे असंच बघत बसतोय."