पूर्वीच्या दंडावरच्या पुटकुळ्या

मिरकरवाड्यात कुणाच्या अंगावर काहीही उठलं की ते पित्तच असायचं, आणि त्यावर आमसुलाचं पाणी हा एकच उपाय असायचा. समीक्षाला याचा मनस्वी तिटकारा होता. ती मायक्रोबायॉलॉजी शिकली होती, रत्नागिरीतल्याच एका लॅबमध्ये सहा महिन्यांपासून कामाला होती. एवढं शिकूनही याच गल्लीत राहायचं आणि याच बायकांची बडबड ऐकायची, याचा राग तिच्या चालण्यातही दिसायचा.

भावाच्या मुलीचं नाव पूर्वी, वय सहा वर्षं. मांजराची पिल्लं खांद्याडोक्यावर घेऊन दिवसभर हिंडायची. महिन्याभरात तिच्या डोक्यावर लिंबाएवढी मऊ, पू झिरपणारी सूज आली आणि तिथले केस नुसता हात लागला तरी निघू लागले.

"गळू आहे गो. चीर देऊन टाका," शेजारच्या बकुळाकाकूंनी निकाल दिला.

समीक्षाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सानिकावहिनीला आणि पूर्वीला घेऊन तिने थेट त्वचेच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला. बाईंनी चार केस उपटून तपासायला दिले, तेही समीक्षाच्याच लॅबमध्ये. काचपट्टीवर केसाभोवती दाटलेले बुरशीचे गोल कण तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. गळू म्हणे! काकूंचं ऐकलं असतं तर पोरीच्या डोक्याला उगाच एक खाच पडली असती.

बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, निदान दीड महिना. सूज वेळेत उतरली नाही तर केसांची मुळं जातील आणि तिथे कायमचं टक्कल राहील, असं बाईंनी बजावलं होतं. वहिनीचा नवरा नितेश बोटीवर कामाला होता. त्याचा फोन लागला की ती आधी केसांचंच सांगायची.

पाचव्या दिवशी सकाळी पूर्वीच्या कानांवर, दंडांवर, पाठीवर मोहरीएवढ्या पुटकुळ्या उठल्या. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. पोर खाजवून खाजवून रडायला आली.

"पित्त गो ते," बकुळाकाकू दारातूनच म्हणाल्या. "सानिका, आमसूल भिजत घाल."

"काकू, कुठलंही पुरळ म्हणजे पित्त नसतं," समीक्षा म्हणाली. "कधी पुस्तक उघडलंय?"

"नाय बाय. तू उघडलंस ना? मग सांग काय ते."

"गोळ्यांची ॲलर्जी आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि पाच दिवसांत पुरळ आलं. बंद करायच्या, संपलं."

"डॉक्टरणीला न इचारता? फोन करून बघ की एकदा."

"एवढ्याशा गोष्टीला? यांचं ऐकत बसलीस वहिनी, तर संध्याकाळी अंगाराही लावायला सांगतील."

वहिनी पुटकुळ्यांकडे बघत होती. "नक्की ना गं? केसांचं काय मग?"

"केस मोठे की जीव? मी सांगते ना."

झालं. गोळ्या फडताळात गेल्या. समीक्षा लॅबला गेल्यावर काकूंनी आमसुलाचं पाणी आणून दिलंच, आणि खाज बघवेना म्हणून वहिनीने ते लावलंही. घरी आल्यावर समीक्षाने नाक मुरडलं. लावा, म्हणाली, आणखी काय येतं तुम्हाला!

पुटकुळ्या काही गेल्या नाहीत. डोक्यावरची सूज मात्र पसरत गेली, आणि गोळ्या थांबवल्यापासून नवव्या दिवशी ती तळहाताएवढी झाली तेव्हा समीक्षाने गुपचूप दवाखान्याचा नंबर लावला.

डॉक्टरबाईंनी पूर्वीचं डोकं पाहिलं, दंड पाहिले. डोकं धुऊन घ्यायला मायलेकींना नर्सबरोबर शेजारच्या खोलीत पाठवलं आणि मग समीक्षाकडे वळल्या.

"गोळ्या कुणी थांबवल्या?"

"मी. ड्रग रिॲक्शन होती."

"ताप होता? डोळे लाल, तोंडात फोड, ओठ सुजलेले?"

"नाही."

"गांधी उठून तासाभराने विरत होत्या?"

"नाही. तशाच होत्या. बारीक, टणक."

"हे सगळं न बघताच निदान केलंस?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "बुरशी डोक्यात आहे. तिच्याविरुद्ध शरीर चवताळतं, आणि त्याचं पुरळ लांब, अंगावर उठतं. त्या पुटकुळ्या खरवडून काचपट्टीखाली धरल्यास तर बुरशी सापडणार नाही. औषध सुरू झाल्या झाल्याच पुष्कळदा उठतात, म्हणून तुझ्यासारखे फसतात. खाजेवर मलम आणि सिरप द्यायचं, गोळी चालू ठेवायची. मूळ बुरशी गेली की पुरळ आपसूक जातं. तू नेमकी गोळीच काढलीस."

"वेळ जुळत होती, म्हणून..."

"वेळ जुळली म्हणून कारण ठरवायला बीएस्सी लागत नाही. शंका आली तर फोन करायचा असतो. तुमच्या वाडीतल्या कुठल्याही बाईला कळतं तेवढं."

समीक्षाचे कान तापले. "केस येतील ना?"

"नऊ दिवसांपूर्वी बहुतेक हो म्हटलं असतं. आज सांगता येत नाही."

ती बाहेर आली तेव्हा वहिनी पूर्वीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती, आणि फोनवर नितेशला सांगत होती, "त्या बकुळाकाकूच्या आमसुलाने चिघळलं सगळं! घरी गेल्यावर सोलतेच तिला."

गप्प बसणं अगदी सोपं होतं. गळू चिरायला निघालेल्या त्या बाईला दोन शब्द बसले असते तर समीक्षाला एरवी आनंदच झाला असता.

"वहिनी, आमसुलाने काही झालेलं नाही. ॲलर्जी नव्हतीच ती. गोळ्या बंद करायला नको होत्या."

वहिनीने फोन खाली घेतला. "नव्हती? मग तू एवढं ठासून सांगितलंस ते?"

"मला वाटलं..."

"वाटलं! काकू फोन कर म्हणत होती, तर तिला हसलीस. माहीत नाही एवढे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत तुझ्या? माझ्या पोरीचं डोकं आहे ते, तुझी काचपट्टी नव्हे!"

पूर्वीला कडेवर घेऊन ती उठली आणि बाईंच्या खोलीकडे वळली. समीक्षाही मागोमाग निघाली.

"तू बस तिथंच."

वहिनीने दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज ऐकू येत होता, "डॉक्टर, आता सगळं मला सांगा. गोळी कधी द्यायची, जेवणाआधी की नंतर? तूप-भाताबरोबर चालेल? आणि पुन्हा काही उठलं तर कुठल्या नंबरवर फोन करू, तो माझ्या मोबाईलमध्ये घालून द्या."