फ्लॉपी खाणारं मशीन

"आत्या, तुला माउस परवडत नाही का गं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. आत्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बडवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"आहे की. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय त्या गठ्ठ्यावर."

भिंगरीला हसू फुटलं, पण आज ती कामाने आली होती. आत्या विणकामाच्या यंत्रांसाठी नक्षी बनवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळायची. कुणीही ते फुकट घ्यावं, उघडून पाहावं, सुधारावं. भिंगरीने त्यातला, जुन्या फ्लॉपी चकतीवर नक्षी भरून देणारा अख्खा भाग उडवून ते कसं सुटसुटीत केलं होतं! आत्याने हा बदल घेतला, की शाळेच्या प्रदर्शनात तिचं टेबल पक्कं.

"आता कुणाकडे असते फ्लॉपी?" ती म्हणाली.

"तेच विचार. मला नको, वापरणाऱ्यांना. आमच्याकडे काही काढायचं तर आधी सगळ्यांना मेल. कुणी ओरडलं नाही, तरच कात्री."

"मेल? कुठल्या जमान्यात राहतेस गं!"

तरी भिंगरीने रंगीत अक्षरांत, सतराशे साठ हसरे चेहरे पेरून मेल धाडली. ती आल्या पावली परत आली: फक्त साधा मजकूर चालेल. नाक मुरडत तिने पुन्हा लिहिलं, 'फ्लॉपी कुणी वापरतं का?'

काही दिवस सगळं चिडीचूप. भिंगरी मनातल्या मनात टेबल मांडायलाही लागली. मग मोजे विणणाऱ्या एका आजोबांचं उत्तर आलं. 'माझं मशीन फ्लॉपीशिवाय काही खात नाही. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे, त्यांच्यासाठी मी मोजे विणतो. तेवढा भाग राहू द्याल का?'

दोन मापांचे पाय? मग दोन्ही मोज्यांवर नक्षी सारखी कशी येते? फ्लॉपी आत गेली की आवाज कसला होतो? भिंगरीने सगळंच विचारलं. आजोबांनी चक्क तिच्या फोनवर आवाज पाठवला: खर्र, टक, खर्र. तो आत्याला ऐकवल्याशिवाय तिला चैन पडेना.

"राहू दे ना मग तो भाग!"

"राहील कसा? माझ्याकडे तसलं मशीन नाही. उद्या तो मोडला तर मला पत्ताही लागणार नाही. कुणीतरी अंगावर घ्यायला हवा. नाहीतर आजोबांना जुन्याच आवृत्तीवर राहा म्हणते आणि तुझा बदल घेते. प्रदर्शनाच्या आत."

भिंगरीने तो आवाज पुन्हा एकदा लावला. मग आजोबांना एक मेल टाकली.

जेवताना तिने ताटावर चमचा वाजवला.

"आई, बाबा, ऐका. प्रदर्शनातलं टेबल मी सोडलंय. आजपासून फ्लॉपीचा भाग माझ्याकडे. आजोबा मशीनवर चालवून बघणार, बिघडलं तर मी दुरुस्त करणार. कुणाला काही म्हणायचं असेल तर मेल टाका. साधी. हसरे चेहरे चालत नाहीत."