एक वर्ष कुणी विचारलं नाही

आमचे हे बसऱ्याच्या लढाईवरून परत आले ते १९१९ साली, शिमग्याच्या आधी चार दिवस. नाव चिंतामणी. शिपाई नव्हते, पलटणीला दाणागोटा पुरवणाऱ्या खात्यात कारकून होते. तुर्कांच्या वेढ्यात पलटण पाच महिने अडकली, मग शरण गेली आणि पुढची अडीच वर्षं कैदेत. जबलपुरात, दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या दारापुढे टांगा थांबला तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. पुढचे दोन दात गेलेले. पाय फरफटत टाकायचे. हात असे कापायचे की पेला ओठाला लागेपर्यंत अर्धं पाणी सदऱ्यावर.

लष्करी छावणीतल्या गोऱ्या डॉक्टरनं त्यांना दहा मिनिटं उभं केलं आणि कागदावर लिहिलं: जखम नाही, स्वभाव भित्रा, ढोंगाचा संशय. तो कागद माझ्या थोरल्या दिरांनी, रामरावांनी, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ते कचेरीत नाझर. शिक्का मारलेला कागद त्यांना कधी खोटा वाटला नाही.

"मन कमजोर झालं आहे, दुसरं काही नाही," ते ह्यांना म्हणाले. "निग्रह पाहिजे. उपास कर, ताळ्यावर येशील."

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, प्रदोष. उपासमारीतून जिवंत सुटून आलेल्या माणसाला आम्ही घरात आणून पुन्हा उपाशी ठेवलं. साबुदाणा मीच भिजवत होते. त्यासाठी मला सगळ्यात आधी माझाच राग येतो. बाकीच्या दिवशी गिरणीचा पांढरा भात आणि वरचं पातळ वरण. पालेभाजीनं वात होतो म्हणून ती बंद, लसूण तामसी म्हणून बंद. उपासाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना आपल्या मुलाचं नाव आठवायचं नाही. मी सासऱ्यांना सांगितलं, जावेला सांगितलं. "सवय होईल," म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला दिसली. एकदा मी डाळ निवडत होते, तर हे शेजारी येऊन बसले आणि खडे वेचायला लागले. एक दाणा, मग दुसरा. पाहते तर हात स्थिर! श्वाससुद्धा सावकाश चाललेला.

"काय होऊन राहिलं?" मी हळूच विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "दाण्याकडे पाहिलं की फक्त दाणाच असतो. बाकीचं येत नाही."

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रोज सूप त्यांच्यापुढे ठेवायला लागले. रामराव म्हणाले, "आता बायकांची कामं करून राहिला!" आणि सूप उचलून नेलं.

छावणीत रोज दुपारी बाराला तोफ उडायची. सगळं जबलपूर त्यावर घड्याळं लावायचं. हे अकरापासून भिंतीला पाठ लावून बसायचे.

पुढच्या फाल्गुनात रामरावांच्या पद्मजेला पाहायला नागपूरकडचे पाहुणे आले. पानं मांडली होती. पद्मजा वाढायला वाकली आणि तोफ झाली. हे खोलीतून धावत आले, "खाली! खाली व्हा!" ओरडत पोरीला जमिनीवर पाडलं आणि तिच्यावर आडवे झाले. आमटीचं पातेलं पालथं झालं. पाहुणे न जेवता उठले.

ते तिला वाचवत होते. एवढं एकाही माणसाला कळू नये?

रामरावांनी त्याच संध्याकाळी ठरवलं की ह्यांना नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शालिग्राम घरी आले. तरुण होते, हिंदी बोलणारे. रामरावांनी तो जुना कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो न वाचता बाजूला ठेवला, ह्यांच्या हिरड्या पाहिल्या, पोटऱ्या दाबल्या, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही.

मग त्यांनी विचारलं, "वहाँ खाने को क्या मिलता था?"

एक वर्ष! एक वर्षात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

ह्यांनी सांगितलं. जवाचं थोडंसं पीठ. घोड्याचं मांस वाटायचे, ते ह्यांना घशाखाली उतरेना. मग गवत उकडून. मग तेही नाही.

"आणि इथं?" डॉक्टरांनी रामरावांकडे पाहिलं.

"उपास धरायला लावले आहेत, संयमासाठी..."

मोठ्या दिरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी माजघरातून बाहेर आले. "आठवड्यातून चार दिवस उपाशी ठेवतात डॉक्टरसाहेब, आणि हात कापतात म्हणून वेडा ठरवतात. तुर्कांनी तरी घरचे म्हणवून घास काढून घेतला नव्हता!"

"अंजनी!" रामराव ओरडले.

"बोलने दीजिए," डॉक्टर म्हणाले. मी डाळीचंही सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. म्हणाले, भुकेनं नुसते पाय जात नाहीत, डोकंही जातं. आणि जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा घाव वेगळा, तो हातोडीनं कळत नाही. "गोऱ्या अफसराला असं झालं तर त्याला आरामाला विलायतेला धाडतात. आपल्या माणसाला झालं की लिहितात, भित्रा." हे सांगताना त्यांचाच आवाज चढला होता. दाखला न देता ते निघून गेले. हातसडीचा कोंड्यासकट तांदूळ, मोड आलेले मूग, पालेभाजी, पेरू, लिंबू, असं लिहून दिलं आणि सूप परत द्यायला सांगितलं.

रामराव म्हणाले, "या घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत."

मी दोन ट्रंका भरल्या आणि ह्यांना, मुलाला घेऊन निघाले. पनागरला माझे मामा तुळशीराम भाजीचा मळा करायचे. तिथं तोफ ऐकू यायची नाही. मामांनी एक खोली दिली. हे सकाळी शांत बसून बियाणं निवडायचे, दुपारी मुलाचा धडा घ्यायचे. पायात जीव यायला सहा महिने लागले. हात पुरते थांबले नाहीत. लग्नसराईत फटाके वाजले की अजूनही खांबाला धरून उभे राहतात. पण मुलाला नावानं हाक मारतात.

दोन वर्षांनी रामराव आले. भावाला चालताना पाहून म्हणाले, "पाहा, शेवटी हवापालट आणि उपासच कामी आले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्या आधी हेच बोलले. "दादा, बसा. आज मी सांगतो, तुम्ही ऐका." आणि शरण गेल्यावर तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलेल्या एकेकाचं नाव घेऊन कोण कुठं पडला, कुणाला उचलता आलं नाही, ते सांगत गेले. रामरावांनी मधेच उठून टांगा बोलावला. हे थांबले नाहीत. टांगा गेल्यावर माझ्याकडे वळून पुढचं नाव घेतलं, आणि मी ऐकत बसले.