मिठागरावरचा सावलीबुवा

दिवस कलला की आमच्या मिठागराच्या बांधावर जत्रा भरे. सन एकतीसचा चैत्र होता, घरोघर हिवताप होता, आणि सावलीबुवा नावाचा इसम आजाऱ्याला बांधावर उभं करून पांढऱ्या मिठावर पडलेली त्याची सावली वाचत असे.

"पाय बघा, कसे कोरल्यागत! आणि डोकं? कड फाटली. जीव तिथून गळतोय!"

लोक पाहत, तर खरंच डोक्याची कड धुरकट. मग अंगारा, नारळ, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा सावली पाहायची. ती आखूड, रेखीव. "शिवली कड! आता औषध घ्याल तर उसवेल."

मिठागरावर राबणाऱ्या बुधाजीची बायको मैना तापाने आजारी होती. मी गावचा मास्तर. दवाखान्यातल्या कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या औषधाच्या, पुड्या मीच तिला आणून देई. ताप उतरू लागला होता. बुवाने तिचीही कड शिवली आणि तिने पुड्या चुलीत टाकल्या.

त्याच संध्याकाळी मी बांधावर बांबू रोवला.

"बघा! बुंध्याशी सावली रेखीव, शेंड्याशी धुरकट. बांबूला हिवताप आलाय? सूर्य ठिपका नव्हे, थाळी आहे. थाळी पुरती झाकली तिथे दाट छाया, अर्धीमुर्धी झाकली तिथे विरळ. सावली लांब पडली की विरळ कड रुंदावते. दुपारी ती जवळ पडते, म्हणून नीट दिसते. बुवांनाच उभं करा!"

केलं उभं. बुवाचीही कड धुरकट. कुणीतरी हसलं. मला वाटलं, जिंकलो.

बुवाने डोळे पुसले. "तुमची दुखणी मी अंगावर घेतो, लेकरांनो. ती ही अशी दिसतात."

सगळे त्याच्या पाया पडले. पुड्या पुन्हा सुरू कर म्हणून मी मैनाला हात जोडले.

"मास्तर," ती म्हणाली, "बांबू तुमचा. सावली माझी हाय. दुपारी ती धड झाली, म्या सोता पाह्यली."

नवव्या दिवशी मैना गेली. बुधाजी म्हणाला, "तुमच्या बांबूची सावली तिच्यावर पडली." आता माझी पुडी तो उंबऱ्याआत येऊ देत नाही. काल त्याच्या थोरल्या मुलीला हुडहुडी भरली. तिलाही त्याने बांधावर नेलं.

मी हरलो आहे. तुम्हाला विनंती एवढीच: अंगणात काठी रोवा, संध्याकाळी पाहा, दुपारी पाहा. आणि घरात ताप असेल तर आधी औषध द्या, सावली मागाहून पाहा.