रुमालातली काच

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये खुर्च्या दोनशे, माणसं तीनशे, आणि श्वास सगळ्यांचाच अडकलेला. पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालचा एका आजोबांच्या रक्ताचा थेंब दिसत होता. पाण्याने रोग बरे करतो म्हणणाऱ्या कणगुरूंनी त्या थेंबावर आपल्या बाटलीतलं पाणी सोडलं, दिवे मंद झाले आणि पेशींच्या कडेकडेने हिरवे ठिपके लखलखू लागले. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"पेशीला दारं असतात!" कणगुरू गरजले. "दारं गंजली की रोग. माझे नॅनोकण म्हणजे किल्ल्या. दार उघडलं की ठिपका पेटतो. मग रोगाला हाकलायला डॉक्टर कशाला? वॉचमन पुरे!"

लोक हसले. दादाही हसला. कित्येक दिवसांनी हसला, तरी शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीला काहीच वाटलं नाही. दादाच्या रक्ताच्या कॅन्सरवर आठ इंजेक्शनं ठरली होती. सहाव्यानंतर त्याने हे पाणी धरलं आणि हॉस्पिटल सोडलं. ती आधी भांडली, मग रडली, आणि आता नुसती बधिर झाली होती.

गंमत म्हणजे कणगुरूंचं बोलणं पाव हिस्सा खरं होतं. जिवंत पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरचे निरोप घेणारे. त्यांना चमकणारे अतिसूक्ष्म कण चिकटवायचे आणि ठिपके मोजायचे, हेच तिचं प्रयोगशाळेतलं काम. सहकारी तिला मोजणीबाई म्हणत. पण त्या कणांमुळे रिसेप्टर नुसता दिसतो, कोणी बरं होत नाही. शिवाय तिथे एक शिस्त होती. आधी थेंब न घेतलेली, रिकामी काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. तिच्यावरही ठिपके दिसले, तर ते पेशींचे नव्हेतच, आणि दिवसभराचं काम केराच्या टोपलीत.

ती उठली. "आधी एक रिकामी काच दाखवता का?"

"ताई, रिकाम्या ताटाचा फोटो काढतं का कोणी?"

पुन्हा हशा. दादाने तिचा हात ओढला. "बस गं. चारचौघांत शोभा नको."

मग दादाचाच नंबर आला. बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला. "मी काचेला हात लावत नाही," कणगुरू म्हणाले. "नातेवाइकानेच ठेवायची. उगाच संशय नको!"

बोट टोचायच्या टेबलापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत अकरा पावलं. सातव्या पावलावर दादाची काच तिच्या रुमालात गेली आणि पर्समधली कोरी काच हातात आली. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसायचा, काच असायचीच.

काच ठेवताच कणगुरूंनी लोकांकडे बघत पाणी सोडलं. दिवे मंद झाले. ठिपके पेटले.

"वा! हजारो दारं उघडली!"

"एकशे बेचाळीस," ती म्हणाली.

"काय?"

"ठिपके. मघाशी आजोबांचेही एकशे बेचाळीसच होते." तिने रुमाल उघडला. "आणि दादाचं रक्त इथे आहे. मग पडद्यावर कोण आहे?"

दोन्ही वेळा दिवे मंद होताना कणगुरूंचा पाय हलला होता; तिने सूक्ष्मदर्शकाखालचा टेबलक्लॉथ उचलला. कणगुरूंच्या पायाखाली एक पेडल होतं. तिने ते दाबलं: पडद्यावर कोऱ्या काचेवरचं पाणी. पुन्हा दाबलं: पेशी आणि ठिपके. दिवे मंद होताना कॅमेरा बंद व्हायचा आणि तयार चित्रफीत सुरू व्हायची, इतकंच.

"अश्रद्ध हाताने काच बाटली!" कणगुरू ओरडले.

"पेडलसुद्धा बाटलं का हो?" मागून कोणीतरी विचारलं.

मघाच्या काकू पुटपुटल्या, "मग हे पाणी पिऊन मला बरं का वाटतंय?"

"वाटू शकतं, काकू. पण पडद्यावरची पेशी इथल्या कोणाचीच नव्हती. गोळ्या सोडल्या असतील तर उद्याच डॉक्टरांकडे जा."

ऐंशीएक माणसं उठली. बाकीची बसून राहिली. तेही तिने मोजलं.

जिन्यात दादा म्हणाला, "म्हणजे माझं काहीच पेटलं नव्हतं?"

"तुझं काही दाखवलंच नव्हतं, दादा."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. "सहा आठवडे वाया गेले. रक्त तपासू, सातवं देऊ, मग बघू." त्यांनी वचन दिलं नाही. खरं बोलणाऱ्याकडे अशा वेळी 'बघू' एवढंच असतं.

म्हणून सांगणं एवढंच, की कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा: काहीच नसताना तुझ्या पडद्यावर काय दिसतं?

दादाने विचारलंच. रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरला म्हणाला, "तुमच्या मशीनवर आधी रिकामं काही तपासता का?"

"रोज सकाळी, सगळ्यात आधी तेच."

दादाने बाही वर केली.