बावखलाचं पाणी

"पॅनल धुतलेच जात नाहीत, सर. वहीत नुसत्या सह्या आहेत," हर्षवर्धन मुख्याध्यापकांना म्हणाला. हा सोलर कंपनीचा तरुण इंजिनिअर. जानेवारीत आमच्या शाळेच्या गच्चीवर रोज चाळीस युनिट वीज व्हायची, एप्रिलात ती एकोणतीसवर आली होती.

दाराशी सालोमीबाई उभ्या होत्या. बत्तीस वर्षं शाळेच्या शिपाई, आणि पॅनल धुण्याचं काम त्यांच्याकडे.

"तुमी आठवड्यातून एकदा सांगितलं, मी रोज धुते," त्या म्हणाल्या.

"मावशी, मग युनिट गेले कुठे?"

सरांनी वही मिटली. मी विज्ञान शिकवते, तरी मनात म्हटलं, वय झालंय, जिने चढवत नसतील. आज त्याची लाज वाटते. धुण्याचं काम बाहेरच्या माणसांना द्यायचं ठरलं. निवृत्तीला दोन महिने उरले असताना बाईंच्या नावापुढे कामचुकार लागणार होतं, आणि ते त्यांना जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले, तर त्या जिन्यात. दोन्ही हातांत बादल्या, बगलेत बाटली.

"टीचर, वर या. कायतरी दाखवते."

गच्चीवर त्यांनी पॅनलवर नख ओढलं. पांढरी पुटं निघाली.

"नळाला बोरिंगचं पानी. खारं झालंय आता. आमचे घरचे टोपपन असेच पांढरे होतात. मी रोज धुतलं, रोज खार बसला."

म्हणजे बाईंनी टंगळमंगळ केली असती तर शाळेला वीज जास्त मिळाली असती! मला हसावं की रडावं कळेना.

बादल्यांत शाळेमागच्या वाडीतल्या बावखलाचं गोडं पाणी होतं. उन्हाळ्यातही न आटणारं तळं ते. बाटलीत मटणात घालायचा शिरका, म्हणजे व्हिनेगर. तो पाण्यात टाकून त्यांनी एक रांग पुसली, मग नुसत्या पाण्यानं धुतली. काचा निळ्याशार झाल्या. मी लगेच हर्षवर्धनला फोन लावला.

भर दुपारी त्यानं धुतलेल्या आणि न धुतलेल्या रांगेला मीटर लावून पाहिला. पुन्हा पाहिला. मग खाली येऊन सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाला, "तो नळ मीच काढून दिला होता. पाणी तपासलं नाही. चूक माझी आहे, मावशी."

मला इतका अभिमान वाटला, की जणू मीच काही केलं होतं.

"आगाशी, अर्नाळ्याच्या शाळांवर पॅनल बसतायत," तो पुढे म्हणाला. "तिथल्या लोकांना धुवायला तुम्ही शिकवाल का?"

"शिकवीन ना. पन पैले हितल्या पाच रांगा राहिल्यात. पानी बावखलावरनं आनायचंय."

हर्षवर्धननं बाह्या दुमडल्या आणि बादल्या उचलल्या. थोड्या वेळानं तो भरल्या बादल्या घेऊन जिना चढू लागला. मागून सालोमीबाई चढत होत्या, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी.